विद्यापीठ कोणाचे : फी भरणाऱ्याचे की शिकणाऱ्याचे?

दरवर्षी १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जनसागर लोटतो. खेड्यापाड्यांतून माणसे येतात, लेकरांना खांद्यावर घेऊन कमानीसमोर उभी राहतात आणि नतमस्तक होतात. विद्यापीठाच्या दारापुढे सामान्य माणसाने अशा रीतीने माथा टेकवावा, असे दृश्य जगात अन्यत्र क्वचितच दिसेल. या दृश्यामागे एक लढा आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि त्यापाठोपाठ मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबे परागंदा झाली. ठरावाची अंमलबजावणी व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तीही नामांतर म्हणून नव्हे तर नामविस्तार म्हणून. एका नावासाठी सोळा वर्षे!

जानेवारीत कमानीपुढे वाकणारी हीच माणसे जून-जुलै महिन्यांत आपल्या मुलामुलींना घेऊन पुन्हा त्या कमानीतून, किंवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकातून, आत जातात. आत गेल्यावर त्यांची पहिली गाठ ग्रंथालयाशी पडत नाही, प्राध्यापकाशी पडत नाही. ती पडते फीच्या खिडकीशी. ज्याचे नाव कमानीवर आहे त्या माणसाचे या खिडकीविषयी काय मत होते, हे त्या खिडकीमागे बसणाऱ्यांना ठाऊक नसेल. परंतु मंत्रालयात आणि कुलगुरूंच्या दालनात बसणाऱ्यांना ते ठाऊक नसावे, हे मात्र क्षम्य नाही.

१९२७ चा हिशेब

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू असताना नव्याने सभासद झालेल्या डॉ. आंबेडकरांनी एक भाषण केले. ते भावनेचे भाषण नव्हते, अर्थशास्त्रज्ञाचे भाषण होते. सरकारच्या स्वतःच्याच आकड्यांवरून त्यांनी दाखवून दिले की, कला महाविद्यालयांवर होणाऱ्या खर्चापैकी ३६ टक्के, माध्यमिक शाळांवरील खर्चापैकी ३१ टक्के आणि त्याखालच्या शाळांवरील खर्चापैकी २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होते. या वसुलीला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण असे सरळ नाव दिले. शिक्षण खाते हे दिल्या-घेतल्याच्या तत्त्वावर चालवावयाचे खाते नव्हे, खालच्या थरांतील लोक आता कोठे शाळेच्या दाराशी पोचत आहेत, अशा वेळी शिक्षण शक्य तितके स्वस्त करणे हेच सरकारचे धोरण असले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक तुलना मांडली. मुंबई इलाख्याचे सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते, आणि दारूवरील अबकारी करातून त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक रक्कम वसूल करते. निदान दारूच्या मार्गाने लोकांकडून जितके घेता तितके तरी शिक्षणाच्या मार्गाने त्यांना परत करा, अशी ती मागणी होती. शंभर वर्षे होत आली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कवाढीस मान्यता दिली, तेव्हा त्यातून सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या जादा महसुलाची अपेक्षा धरण्यात आली. त्यातला किती पैसा ग्रामीण महाविद्यालयांच्या रिकाम्या ग्रंथालयांकडे वळणार, असा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. १९२७ साली तो विचारणारा निदान एक सभासद सभागृहात होता.

निजामी अंधारातून

मराठवाड्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र आहे, कारण येथे उच्च शिक्षण ही अगदी अलीकडची गोष्ट होय. पुण्या-मुंबईत महाविद्यालयांच्या तीन-चार पिढ्या होऊन गेल्या होत्या तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि ते होते हैदराबादला. मराठी शेतकऱ्याच्या मुलाला पदवी हवी असेल तर त्याने आधी परकी भाषा आत्मसात करावी, मग शेकडो मैल प्रवास करावा, आणि मग फी भरावी, अशी ती व्यवस्था होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. दोनच वर्षांत, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले.

या इतिहासाचा एक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. मिलिंदच्या परिसरात बाबासाहेबांनी वर्गखोल्यांइतकाच विचार वसतिगृहांचा केला. गावकुसाबाहेरचा मुलगा औरंगाबादला आला तर त्याला शहरात खोली कोण देणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पश्चिम महाराष्ट्रात राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला, त्यामागेही हीच जाण होती. गरिबाच्या शिक्षणातला मोठा खर्च फीचा नसतो, राहण्याखाण्याचा असतो. म्हणून फी तर नसावीच, शिवाय राहण्याखाण्याची सोयही समाजाने करावी, हा त्या साऱ्या परंपरेचा मथितार्थ होता. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीमाफी दिली. 'ईबीसी' ही तीन अक्षरे ग्रामीण महाराष्ट्रात घरोघर पोचली आणि शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, बलुतेदारांच्या घरांतील पहिली पदवीधर पिढी त्या सवलतीवर उभी राहिली. आज मंत्रिपदे, सचिवपदे आणि कुलगुरुपदे भूषविणाऱ्या कित्येकांच्या प्रगतिपुस्तकामागे ही सवलत आहे. तीच माणसे आज खर्चवसुलीचे पाठ देतात, ही कृतघ्नता म्हणावयाची की विस्मरण?

टप्प्याटप्प्याने माघार

सरकारने उच्च शिक्षणातून एका रात्रीत अंग काढून घेतले नाही. माघार टप्प्याटप्प्याने झाली आणि प्रत्येक टप्प्याला सुधारणेचे नाव देण्यात आले. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी व अन्य व्यावसायिक महाविद्यालयांना दरवाजे उघडले गेले. महाराष्ट्राची मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकतात, तो पैसा येथेच राहील, हे त्याचे समर्थन होते. चार वर्षांत देणगीबंदीचा कायदा करण्याची पाळी त्याच राज्यावर आली, यावरून त्या धोरणाची जातकुळी समजावी.

दुसरा टप्पा १९९३ चा. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने केंद्रीय विद्यापीठांसाठी शिफारस केली की, आवर्ती खर्चापैकी पाच वर्षांत १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के रक्कम विद्यापीठांनी स्वतःच्या उत्पन्नातून उभी करावी. शिफारस केंद्रीय विद्यापीठांपुरती होती. तिच्यातला विचार मात्र राज्याराज्यांत पसरला. येथे तारखांचा योगायोग विलक्षण आहे. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळण्याच्या अवघ्या काही महिने आधी देशातील उच्च शिक्षणाने बाबासाहेबांच्या विचाराकडे पाठ फिरविली. त्यांनी ज्या वसुलीवर व्यापारीकरण म्हणून ठपका ठेवला होता, ती आता कार्यक्षमतेची कसोटी ठरली. नाव दिले गेले आणि विचार काढून घेतला गेला. हे दोन्ही जवळजवळ एकाच वेळी घडले.

१९९७ साली केंद्रीय अर्थखात्याच्या अनुदानविषयक निबंधाने उच्च शिक्षणाची गणना अनुदानास अपात्र अशा सेवांमध्ये केली. २००० साली बिर्ला-अंबानी अहवालाने उच्च शिक्षण खाजगी क्षेत्राकडे सोपवावे आणि वापरणाऱ्याने पैसे मोजावेत, असा सरळ सल्ला दिला. इकडे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलेले राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे उद्दिष्ट १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी भक्तिभावाने उद्धृत केले आणि एकाही सरकारने गाठले नाही. उद्दिष्ट पाळावयाचे नसेल तर त्याची आरती ओवाळणे सर्वांत सोयीचे असते.

विद्यापीठ जगते कशावर?

प्रादेशिक विद्यापीठाचा जमाखर्च सामान्य वाचकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. त्याची रचना थोडक्यात अशी. राज्य सरकार मंजूर पदांवरील अध्यापक व कर्मचारी यांचे वेतन देते. पद रिकामे झाले आणि ते भरण्यास परवानगी मिळाली नाही, तर सरकारचा तेवढा खर्च वाचतो. नवा विभाग, नवा अभ्यासक्रम काढावयाचा तर तो बहुधा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे विद्यार्थ्याच्या पैशावर. मग विद्यापीठाच्या हाती स्वतःचे म्हणून उत्पन्न उरते ते संलग्न महाविद्यालयांकडून येणाऱ्या शुल्कांचे आणि मुख्यतः परीक्षा शुल्काचे. म्हणजे गेवराईच्या किंवा परंड्याच्या महाविद्यालयात बी.ए. करणारी शेतमजुराची मुलगी, जिने विद्यापीठाचा परिसर कदाचित कधीच पाहिलेला नसतो, ती परीक्षेच्या अर्जापोटी जी रक्कम भरते तिच्यावर परिसरातील दिवाबत्ती चालते. विद्यापीठाने तिला पोसावयाचे, त्याऐवजी तीच विद्यापीठाला पोसते.

यातून विद्यापीठाचे स्वरूपच बदलते. परीक्षा ही उत्पन्नाची बाब झाली की परीक्षांची संख्या वाढते, सत्रे वाढतात, अर्ज वाढतात. विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क, पात्रता शुल्क, फेरतपासणीचे शुल्क, स्थलांतर प्रमाणपत्राचे शुल्क, गुणपत्रिकेच्या दुय्यम प्रतीचे शुल्क, अशी ही वसुलीची फांदोफांदी पसरलेली व्यवस्था आहे. प्रत्येक रक्कम स्वतंत्रपणे पाहिली तर लहान असते, म्हणूनच तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. नावाला शिक्षण शुल्क अल्प, आणि पावतीवर मात्र डझनभर ओळी! 'आमच्याकडे फी नगण्य आहे' असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती पावती एकदा सबंध वाचावी.

माफी की परतफेड?

येथे सरकारपक्ष एक उत्तर देईल, आणि त्याची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; ती १९४४ सालापासून चालत आली आहे. जुन्या ईबीसीच्या जागी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. दुष्काळी तालुक्यांत परीक्षा शुल्क माफ होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा इतर सवलतींसह हीही सवलत जाहीर झाली. जुलै २०२४ च्या निर्णयाने तर आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ झाले. हा शेवटचा निर्णय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

परंतु या बहुतेक योजनांचा गाभा माफीचा नसून प्रतिपूर्तीचा आहे. प्रतिपूर्ती म्हणजे परतफेड. आणि परतफेड त्यालाच मिळते जो आधी पैसे काढून देऊ शकतो, किंवा ज्याच्या महाविद्यालयाला थांबण्याची तयारी असते. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात आजचा रुपया आणि वर्षानंतरचा रुपया यांत फरक करतात. ज्याच्या घरात रुपयाच नाही त्याच्या लेखी हा फरक व्याजाच्या दराइतका नसतो. तो शिकणे आणि न शिकणे यांमधला असतो. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचा केंद्राचा ६० टक्के वाटा आणि राज्याचा ४० टक्के वाटा हे वेगवेगळ्या वेळी येतात. केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो आणि तो त्याने महाविद्यालयाकडे भरावयाचा असतो. दरम्यान संस्थाचालकाचा कारकून विचारतो, 'पैसे कधी?' परीक्षेचा अर्ज अडतो, शाळा सोडल्याचा दाखला अडतो, गुणपत्रिका अडते. कागदावर हा विद्यार्थी लाभार्थी असतो. खिडकीसमोर तो थकबाकीदार असतो. 'लाभार्थी' आणि 'थकबाकीदार' हे दोन्ही शिक्के एकाच मुलाच्या कपाळी मारणारी व्यवस्था कल्याणकारी कशी म्हणावी?

वसतिगृहांचे तसेच. पुरेशी वसतिगृहे बांधावयाची नाहीत, आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याला रोख रक्कम द्यावयाची, अशी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आली. ज्यांना ती वेळेवर मिळाली त्यांना तिचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. परंतु भाड्याचे पैसे हातात असूनही आडनाव ऐकताच 'खोली रिकामी नाही' असे उत्तर देणारे घरमालक आजही शहरांत आहेत. बाबासाहेबांनी वसतिगृह का काढले, याचे उत्तर रोख रकमेत सापडत नाही.

कोयत्याचे गणित

विद्यार्थी कोण आहेत, हे पाहिल्याशिवाय फीचा विचार पोकळ ठरतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षणात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २ कोटी ७ लाख. अनुसूचित जातींचे ६६ लाख, अनुसूचित जमातींचे २७ लाख आणि इतर मागासांचे १ कोटी ६३ लाख. म्हणजे शंभरातले साठाच्या आसपास विद्यार्थी ज्या थरांतले आहेत, त्यांच्या आजोबांना विद्यापीठ हा शब्दही ठाऊक नव्हता. आणि विद्यापीठांतील नोंदणीपैकी ७३.७ टक्के वाटा सरकारी विद्यापीठांनी उचलला होता. खाजगी विद्यापीठांच्या जाहिराती कितीही मोठ्या असोत, भार वाहतात ती सरकारी विद्यापीठेच.

मराठवाड्याच्या या विद्यापीठाकडे आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. उरलेल्या मराठवाड्यासाठी १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ झाले. या चारांपैकी बीड जिल्हा ऊसतोडणी कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. ऊसतोडीत मजुरीचे माप म्हणजे कोयता, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडावर जावयाचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतावयाचे. अशा घरातला वीस वर्षांचा मुलगा बी.एस्सी.च्या वर्गात बसतो तेव्हा त्याचा खरा खर्च फीच्या पावतीवर दिसत नाही. त्याने घेतली नाही ती उचल, त्याने तोडला नाही तो ऊस, त्याच्या वाट्याची मजुरी, ही त्या कुटुंबाने विद्यापीठाला दिलेली न दिसणारी फी आहे. मुलीच्या बाबतीत तीत आणखी एक भर पडते: ती शिकते म्हणून पुढे ढकललेले लग्न आणि गावकीचे टोमणे. संधी गमावल्याची ही किंमत अर्थशास्त्राचा प्रत्येक पदवीधर परीक्षेत लिहितो. धोरण ठरविताना मात्र ती कोणाच्याच ध्यानात येत नाही. गरिबाने आपला वाटा कधीच भरलेला असतो. खिडकीवर त्याच्याकडून मागितले जाते ते त्यावरचे.

आणि हंगाम येतो तो बरोबर महाविद्यालयाचे वर्ष भरात असताना. घरच्या पडत्या काळात मुलगा फडावर जातो, उपस्थिती बुडते, सत्र बुडते, परीक्षेचा अर्ज उशिरा भरला जातो, आणि त्याला विलंब शुल्क द्यावे लागते. दारिद्र्याला दंड करणारी ही नियमावली कोणी दुष्टपणे लिहिलेली नाही. ज्याने लिहिली त्याला फड ठाऊक नव्हता, इतकेच.

प्रवेश म्हणजे काय?

'कोणालाही प्रवेश नाकारला जात नाही' हा दुसरा दावा. कला-वाणिज्याच्या बाबतीत तो खराही आहे. जागा रिकाम्या पडतात अशी ओरड उलट ऐकू येते. परंतु दरवाजा उघडा असणे आणि आत टिकून राहता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९२७ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी दाखविले होते की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांतील अवघी अठरा चौथीपर्यंत पोचतात. नोंदणीचा आकडा मोजू नका, गळतीचा मोजा, हा त्यांचा धडा होता. आजही प्रत्येक विद्यापीठ किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला हे अभिमानाने छापते. किती मध्येच गेले, ते कोणत्या जातींचे, कोणत्या तालुक्यांचे, कशापायी गेले, हे मात्र त्या पत्रिकेत शोधूनही सापडत नाही.

जेथे पदवीला बाजारात किंमत आहे तेथे दरवाजाही उघडा नाही. वैद्यकीय, अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांचे प्रवेश सामायिक परीक्षांवर होतात. परीक्षा सर्वांना समान, हे खरे; तयारी समान नाही. शिकवणी वर्गांची फी भरू शकणारा आणि भरू न शकणारा एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसतात आणि त्यानंतर लागणाऱ्या यादीला गुणवत्ता म्हणतात. त्याखेरीज उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी तहसील आणि समिती यांच्या दारी घातलेल्या खेपा निराळ्याच. जो बाप एका खेपेला एक दिवसाची मजुरी गमावतो त्याच्या लेखी प्रत्येक दाखला ही एक फीच असते.

'फुकटाची किंमत नसते'

आता विरोधी युक्तिवाद. पहिला असा की, पदवीचा लाभ पदवीधराला होतो, म्हणून खर्चही त्यानेच करावा. पदवीधराला लाभ झाला तर त्यावर प्राप्तिकर आहे. तो वाढत्या दराने घ्या, श्रीमंतांकडून अधिक घ्या. लाभ झाल्यावर कर घेणे न्यायाचे आहे. लाभ होण्याआधीच, आणि होईल की नाही याची शाश्वती नसताना, फी घेणे हा जुगाराचा पैसा गरिबाकडून आगाऊ घेण्याचा प्रकार आहे. शिवाय लाभ एकट्या पदवीधराचा नसतो. गावातली पहिली शिकलेली सून गावाच्या किती पिढ्या बदलते, याचा हिशेब कोणत्या पावतीत मांडणार?

दुसरा युक्तिवाद असा की, स्वस्त शिक्षणाचा फायदा श्रीमंतच उठवितात. १९६० च्या सुमारास यात तथ्य होते. आज श्रीमंतांची मुले प्रादेशिक विद्यापीठांत आहेत कोठे? ती पुण्या-मुंबईच्या खाजगी विद्यापीठांत गेली, परदेशी गेली. प्रादेशिक विद्यापीठ आता कष्टकऱ्यांच्या मुलामुलींचे झाले आहे. इतिहासाची क्रूर थट्टा अशी की, जोवर वर्गांत वरच्या थरातली मुले बसत होती तोवर शिक्षण स्वस्त होते, प्राध्यापक कायम होते, ग्रंथालयात नवी पुस्तके येत होती. खालच्या थरातली मुले त्याच बाकांवर येऊन बसली, आणि त्याच सुमारास सरकारला तिजोरी रिकामी असल्याचा शोध लागला.

तिसरा युक्तिवाद, फुकटाची किंमत नसते, हा. ज्यांनी आपले शिक्षण ईबीसीवर किंवा नाममात्र फीवर केले त्यांनी तो करू नये, एवढेच त्याचे उत्तर पुरे.

घरचे दोष

तथापि या लढ्यात उभे राहणाऱ्यांनी आपल्या बाजूचे दोष झाकू नयेत. मराठवाड्यात एका खोलीत चालणारी, वर्ग न भरविता केवळ परीक्षेपुरती जागी होणारी महाविद्यालये आहेत. परीक्षा केंद्रांवर कॉपीचा बाजार भरतो. त्यांच्या संस्थाचालकांत सर्व पक्षांचे पुढारी आहेत, पुरोगामी म्हणविणारेही आहेत. विद्यार्थ्याची नोंदणी दाखवून शिष्यवृत्ती आणि अनुदान पदरात पाडून घेणे हा काहींचा जोडधंदा झाला आहे. 'आम्ही खेड्यात शिक्षण नेले' या त्यांच्या वल्गनेवर विश्वास ठेवणाऱ्या मुलाच्या हाती शेवटी पडते ती नोकरीच्या बाजारात कोणी न विचारणारी पदवी. स्वस्त शिक्षणाची मागणी म्हणजे हलक्या शिक्षणाची मागणी नव्हे. उलट हलके शिक्षण हीच गरिबाची सर्वांत महाग फसवणूक होय.

प्राध्यापकवर्गही या दोषातून सुटत नाही. वेतन आयोगांसाठी परीक्षांवर बहिष्कार घालण्याची ताकद ज्या संघटनांत होती, त्यांनी आपल्याच शेजारच्या खोलीत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण सहकाऱ्यासाठी ती क्वचितच वापरली. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला हा तरुण बहुधा त्याच कष्टकरी थरातून आलेला असतो. त्याला तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात, तेही वेळेवर नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत काहीच नाही. निवृत्तिवेतनाच्या सावलीत बसून शिक्षणाच्या अधोगतीवर व्याख्याने देणाऱ्या ज्येष्ठांना हा प्रश्न विचारला पाहिजे की, सेवेत असताना या तरुणासाठी त्यांनी काय केले?

मागणी काय असावी?

मागणी स्पष्ट असली पाहिजे. एक : सरकारी विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न अनुदानित महाविद्यालये यांतील पदवीपर्यंतचे शिक्षण व परीक्षा शुल्क प्रवेशाच्या वेळीच शून्य असावे. ती रक्कम सरकारने थेट विद्यापीठाला आगाऊ द्यावी. विद्यार्थ्याच्या खात्याचा, प्रतिपूर्तीचा आणि अर्जांच्या संगणकीय चक्रव्यूहाचा संबंध त्यात नसावा. दोन : प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मुलींसाठी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांसाठी वसतिगृहे बांधावीत; रोख रक्कम हा तात्पुरता उपाय समजावा. तीन : रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत आणि तासिका तत्त्व हे अपवादापुरतेच ठेवावे. चार : प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी विद्यार्थ्यांचा सामाजिक ताळेबंद प्रसिद्ध करावा, त्यात किती आले, किती टिकले, किती गळले, हे जात, लिंग, तालुका आणि पालकांचा व्यवसाय यांनुसार नोंदवावे. पाच : ज्या महाविद्यालयांत वर्ग भरत नाहीत ती, संस्थाचालक कोणत्याही पक्षाचा असो, बंद करून तेथील विद्यार्थ्यांना जवळच्या चालत्या महाविद्यालयात सामावून घ्यावे.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न विचारला जाईलच. सहा टक्क्यांचे वचन तीनदा देणाऱ्या राज्यकर्त्यांनीच त्याचे उत्तर द्यावयाचे आहे. मद्यावर कर बसविताना पैसा सापडतो, त्याचा वाटा शिक्षणाला बांधून द्यावा, हा मार्ग तर मुंबईच्या कायदे मंडळात १९२७ सालीच दाखविला गेला आहे.

ही मागणी कोणी आयती पदरात टाकणार नाही. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलनात या प्रदेशाच्या मागासपणाचा जाब विचारावयास विद्यार्थीच रस्त्यावर आले होते. नामांतरासाठीही तरुणांनीच तुरुंग पाहिले. आजच्या विद्यार्थी संघटना, अधिसभेतील सभासद आणि गावोगावच्या पालकांनी येत्या १४ जानेवारीला कमानीपुढे फुले वाहावीत. पण त्याबरोबर आपापल्या मुलांच्या फीच्या पावत्याही घेऊन यावे आणि त्या कुलगुरूंच्या आणि पालकमंत्र्यांच्या हाती ठेवाव्यात. ज्याचे नाव त्या कमानीवर आहे त्याने या पावत्यांवर काय लिहिले असते, ते १९२७ सालच्या कायदे मंडळाच्या कामकाजात नोंदले गेलेले आहे. वाचणाऱ्याने ते वाचावे.